तळ्याकाठचे क्रोएशियन लग्न आणि एकटा छायाचित्रकार : काय टिपावे, काय सोडावे?

मुक्काम म्युनिक

नमस्कार मंडळी. माझ्या एका सहकाऱ्याचे लग्न येत्या जुलै महिन्यात क्रोएशियात आहे आणि त्याची छायाचित्रे काढण्याची जबाबदारी मी, भीड न मोडल्यामुळे, स्वीकारून बसलो आहे. त्याचे आजोबा १९६८ साली पश्चिम जर्मनी आणि युगोस्लाव्हिया यांच्यात कामगारभरतीचा करार झाल्यानंतर म्युनिकला आले. त्यांचे मूळ घर दाल्मेशियाच्या आतल्या भागात, सिन्य गावाजवळ आहे. वधू मात्र उत्तरेकडच्या झागोर्ये भागातली. लग्नाची मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, लेपोग्लावाच्या जुन्या चर्चमध्ये आहे आणि मेजवानी तिथून दहा-बारा किलोमीटरवर, त्राकोश्चान किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या तळ्यापाशी.

अडचण अशी आहे की वधूला सूर्यास्ताच्या वेळी तळ्याकाठी पूर्ण एक तास हवा आहे, तर वराच्या आत्याबाई म्हणतात की पाहुणे ताटकळत ठेवून नवराबायकोने पाण्याकाठी फिरणे शोभत नाही. त्यातून दोन्ही घरांच्या चालीरीती वेगवेगळ्या आहेत आणि प्रत्येक जण मला "हे मात्र चुकवू नकोस" असे वेगळेच काही सांगतो आहे. माझ्यापाशी दोन कॅमेरे, ३५ आणि ८५ मिलिमीटरची दोन भिंगे, एक २४-७० आणि एक फ्लॅश आहे, मदतनीस नाही. पुण्यात मित्रांची पाच-सहा लग्ने टिपली आहेत, पण तिथे पुढे काय होणार हे मला झोपेतही ठाऊक असे. इथे काय टिपावे आणि काय सोडावे?

कोल्हापुरी फ्लॅश

सर्वांत आधी आत्याबाईंचा एक सुंदर फोटो काढा आणि लग्नाआधीच त्यांना भेट द्या. उरलेले प्रश्न आपोआप सुटतील. पंधरा वर्षे लग्नांची छायाचित्रे काढतो आहे. प्रत्येक घरात एक आत्याबाई असतात आणि लग्न त्यांच्याच परवानगीने पुढे सरकते.

तळ्यासाठी पोलरायझर, म्हणजे पाण्यावरची चमक कापणारी काच, अवश्य न्या. त्याशिवाय पाणी पांढरे फटक दिसते.

सावाकाठी

मी गेली नऊ वर्षे झाग्रेबमध्ये राहते आणि सासरच्या नात्यात बरीच लग्ने पाहिली आहेत, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते.

तुमचा दिवस चर्चमध्ये सुरू होत नाही, तो वधूच्या अंगणात सुरू होतो. वराकडचे वऱ्हाड मोटारींचे भोंगे वाजवत येते आणि पुढे झेंडा घेतलेला बार्याक्तार असतो. क्रोएशियाचा तिरंगी झेंडा मिरवणे हा त्याचा मान आहे आणि तो दिवसभर सर्वांत जास्त आवाज करणारा माणूस असतो. उत्तरेकडे वधूच्या गल्लीत शेजारी रस्त्यावर दोरी किंवा दांडा आडवा धरतात, त्याला 'राम्पा' म्हणतात. काही दिल्याघेतल्याशिवाय वऱ्हाड पुढे जात नाही. मग दारात वधूची 'खरेदी' होते. वधूकडचे लोक आधी खोटी वधू बाहेर आणतात, आणि ती बहुधा ओढणीखाली मिश्या लपवलेला एखादा काका असतो. वराकडच्यांनी हसत नकार द्यायचा, घासाघीस करायची, राकियाचे, म्हणजे फळांच्या दारूचे, पेले रिते करायचे, आणि मग खरी वधू दारात येते. खऱ्या वधूला पाहून वराचा चेहरा ज्या क्षणी बदलतो तो क्षण एकदाच येतो. त्या वेळी तुमचे भिंग वराकडे असायला हवे, वधूकडे नव्हे. वधू पुढे दिवसभर दिसणारच आहे.

अंगणात आणखी एक गोष्ट शांतपणे चालू असते. मुली टोपली घेऊन फिरतात आणि प्रत्येक पाहुण्याच्या छातीवर रोझमेरीची छोटी डहाळी टाचतात. पाहुणा टोपलीत पैसे टाकतो. तुमच्यावरही टाचतील, तेव्हा खिशात सुटे युरो ठेवा. (२०२३ च्या १ जानेवारीपासून तिथे कुना जाऊन युरो आला आहे, म्हणजे म्युनिकहून येणाऱ्याला निदान नोटा बदलाव्या लागणार नाहीत.) मोठी माणसे टाचून घेताना मान वर करून उभी राहतात, अगदी लहान मुलांसारखी. ही चित्रे ८५ च्या भिंगाने दुरून घ्या.

मध्यरात्री वधूच्या डोक्यावरची ओढणी उतरवतात. अनेक घरांत त्यानंतर तिच्याशी नाचण्यासाठी पाहुणे पैसे देतात. तोपर्यंत तुमची बॅटरी, म्हणजे कॅमेऱ्याची आणि स्वतःची, शिल्लक असली पाहिजे. लग्न पहाटे तीन-चारच्या आधी संपत नाही.

गप्पिष्ट

एक शंका. मूळ धाग्यात झागोर्ये आहे आणि दाल्मेशियाच्या आतल्या भागाला झागोरा म्हणतात असे वाचल्याचे आठवते. दोन्हीकडचे लोक एकाच गावचे तर नाहीत? मग हा सगळा वाद कशासाठी?

सावाकाठी

@गप्पिष्ट, दोन्ही नावांचा अर्थ 'डोंगरापलीकडचा मुलूख' असाच आहे, पण डोंगर वेगळे आहेत आणि दोहोंमध्ये काही शे किलोमीटर अंतर आहे. आपल्याकडे कोकणातला माणूस 'घाटावरचा' म्हणतो तेव्हा तो नेमका कोणत्या घाटावरचा हे विचारावे लागते, तसेच हे. झागोर्ये म्हणजे हिरव्या टेकड्या, द्राक्षमळे, तांबुरित्सा या तंतुवाद्यांचे ताफे. झागोरा म्हणजे उघडे खडक, कोकराचे भाजलेले मांस आणि मोठ्या आवाजातले गाणे. सफरचंदाचा नेम हा प्रकारसुद्धा दक्षिणेकडचा, झागोराचा आणि हर्सेगोव्हिनाचा. वधूच्या घरासमोर उंचावर सफरचंद लावतात आणि ते बंदुकीने पाडल्याशिवाय वराकडच्यांना आत घेत नाहीत. झागोर्येतल्या अंगणात हे होईल की नाही, हे आधी विचारून घ्या.

मुक्काम म्युनिक

विचारले. वराचे काका म्हणाले, "सफरचंद नाही तर लग्न नाही." वधूच्या वडिलांनी अंगणातले मोठे अक्रोडाचे झाड देऊ केले आहे. बंदूक छऱ्यांची असेल.

तिपाई

छऱ्यांची असली तरी ती बंदूकच आहे. नेम धरणाऱ्याच्या मागे, त्याच्या उजव्या खांद्याच्या थोडे बाहेर उभे राहा. झाडाखालून वर पाहणारे चित्र कितीही मोहक वाटले तरी तिकडे जाऊ नका आणि कॅमेरा तिथे ठेवून दुरून चालवण्याचाही विचार करू नका. मागून घेतलेल्या चौकटीत वराची पाठ, बंदुकीची नळी, दूरचे लाल सफरचंद आणि दोन्ही बाजूंना कानांवर हात ठेवलेली मुले एकत्र येतात. त्याहून अधिक काही लागत नाही.

आता तळ्याविषयी. कोल्हापुरी फ्लॅश यांच्या पोलरायझरच्या सल्ल्याशी मी सहमत नाही, निदान त्राकोश्चानसाठी तरी नाही. त्या तळ्याचे सारे सौंदर्य टेकडीवरच्या किल्ल्याच्या प्रतिबिंबात आहे, आणि पोलरायझर जी गोष्ट कमी करतो ती नेमकी हीच, पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश. उभ्या रेषेपासून साधारण ५३ अंशांनी पाण्याकडे पाहिले की त्याचा परिणाम सर्वाधिक होतो, म्हणजे तुमच्या पायांपासून थोड्याच अंतरावरचे पाणी काळपट, पारदर्शक होईल. दूरच्या पाण्यात पडलेले प्रतिबिंब आपण फार तिरक्या कोनातून पाहतो, तिथे परिणाम कमी होतो. परिणामी एकाच चौकटीत जवळचे पाणी वेगळे आणि दूरचे वेगळे दिसते. शिवाय दीड ते दोन स्टॉप प्रकाश जातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), आणि संध्याकाळी तोच तर हवा असतो.

कोल्हापुरी फ्लॅश

तिपाई साहेब, दुपारी बाराच्या उन्हात रंकाळ्याकाठी जोडपे उभे करून पाहा, मग पोलरायझर काढून ठेवण्याची भाषा कराल का ते सांगा. पण प्रतिबिंबाचा मुद्दा मान्य. मी सहसा पाण्यात प्रतिबिंब पडेल असे काही मागे ठेवतच नाही, कारण आमच्याकडे मागे भेळेच्या गाड्या असतात.

तिपाई

दुपारी मीही वापरतो. संध्याकाळी नाही.

दुसरा मुद्दा वेळेचा. जुलैच्या उत्तरार्धात त्या भागात सूर्यास्त साडेआठच्या सुमारास होतो, पण हा आकडा क्षितिज मोकळे असेल तरच खरा. त्राकोश्चानचे तळे नैसर्गिक नाही. एकोणिसाव्या शतकात द्राश्कोविच घराण्याने किल्ल्याला आजचे रूप दिले तेव्हा दरीत बांध घालून ते तयार केले. म्हणजे तुम्ही चारी बाजूंनी वनराई असलेल्या दरीत उभे असणार आणि सूर्य टेकडीआड बराच आधी जाणार. त्यामुळे वधूने मागितलेला 'सूर्यास्ताचा तास' पंचांगातल्या सूर्यास्ताआधी धरावा लागेल. आदल्या दिवशी त्याच वेळेला तिथे जा आणि किल्ल्यावरचे ऊन नेमके किती वाजता ढळते ते लिहून ठेवा. किल्ला उंचावर असल्याने खालचे पाणी सावलीत गेल्यावरही काही काळ तो उन्हात राहतो. जोडपे मऊ सावलीत आणि मागे सोनेरी किल्ला, अशी ती थोडी मिनिटे मिळाली तर पूर्ण तासाची गरजच नाही.

झाडांखाली पांढऱ्या पोशाखावर आणि त्वचेवर हिरवट झाक येते, तिच्याकडे लक्ष असू द्या. पाण्याच्या अगदी काठाशी, आकाशाच्या मोकळ्या प्रकाशात उभे केले की ती बरीच कमी होते. छायाचित्रे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रियेविना मूळ, स्वरूपातच घ्या आणि प्रकाशाचे मोजमाप पोशाखाच्या उजळ भागावरून ठेवा. काळ्या कोटातले तपशील नंतर वर काढता येतात, पांढऱ्या जाळीतले उडाले की उडाले.

निळी छत्री

कदाचित भाबडा प्रश्न असेल, पण लग्न तळ्याकाठीच का लावत नाहीत? चर्चमधून तिथे जाण्यायेण्याचा वेळ वाचला असता.

सावाकाठी

@निळी छत्री, प्रश्न भाबडा नाही, इथली तरुण मंडळीही तो विचारतात. कॅथलिक विवाह हा संस्कार आहे आणि तो सामान्यतः चर्चमध्येच होतो. अन्यत्र करायचा तर बिशपची परवानगी लागते आणि तळे सुंदर आहे हे कारण सहसा पुरत नाही. उघड्यावर लग्न हवे असेल तर नोंदणी अधिकाऱ्याला बोलावून नागरी विवाह करता येतो. मात्र क्रोएशिया आणि व्हॅटिकन यांच्यातल्या १९९६ च्या करारामुळे चर्चमधल्या विवाहालाच कायद्याची मान्यता मिळते, दोनदा लग्न करावे लागत नाही, म्हणून धार्मिक घरांत एकच सोहळा होतो.

आणि लेपोग्लावाचे चर्च चुकवण्यासारखे नाही. ते पॉलिन या कॅथलिक पंथाच्या साधूंचे होते आणि आत अठराव्या शतकातल्या इव्हान रांगर या साधू-चित्रकाराची भित्तिचित्रे आहेत. लग्नाआधी पाद्रींना भेटा, कुठे उभे राहायचे आणि फ्लॅश चालेल का ते विचारा. गाव आणखी दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे : विणलेली लेस आणि तुरुंग. वधूच्या ओढणीला तिथली लेस असेल तर तिचे जवळून एक चित्र घ्याच; क्रोएशियातली लेस २००९ साली युनेस्कोच्या वारसायादीत आली, त्यात लेपोग्लावाचाही समावेश आहे.

गप्पिष्ट

लेस आणि तुरुंग एकाच गावात, आणि लग्न त्याच गावात. मी काही बोलत नाही.

ओंटारियोचा वारा

कॅनडातल्या मिसिसागात शेजारी क्रोएशियन असल्यामुळे एका लग्नाला पाहुणा म्हणून गेलो होतो, तेही ओंटारियो सरोवराच्या काठी. माझे निरीक्षण एवढेच की परदेशातले लोक चालीरीती जास्त कडकपणे पाळतात. तिथेही झेंडा होता, रोझमेरी होती आणि वधूचा बूट पळवला तेव्हा मला वाटले की आमच्याच करवल्या आल्या. फरक हा की आपल्याकडे नवरदेवाचे जोडे जातात आणि दंड नवरदेव भरतो. तिथे वधूचा बूट गेला आणि पैसे कुमाने भरले. 'कुम' म्हणजे केवळ साक्षीदार नव्हे. ते रक्ताइतके घट्ट मानलेले नाते आहे आणि त्याला आपल्याकडे नेमका शब्द नाही.

छायाचित्रकारासाठी सल्ला : कुमाचा फोन नंबर घ्या. पुढचा विधी केव्हा आहे हे त्याला ठाऊक असते, कारण बहुतेक वेळा खिसा त्याचाच रिकामा होणार असतो.

तिपाई

उत्तम सल्ला. त्यात भर एवढीच की चर्चबाहेर पडताना कुम मुलांसाठी नाणी किंवा गोळ्या उधळणार आहे का, ते त्यालाच विचारा. असेल तर गुडघ्यावर बसून, मुलांच्या उंचीवरून, १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगाने घ्या.

पापडमुठी

आमच्या हिशेबाने हे सारे फुकट आहे का? नसेल तर एक सावधगिरी. युरोपीय संघात राहण्याचा परवाना एका देशाचा असला म्हणून दुसऱ्या देशात मोबदला घेऊन काम करता येते असे नाही. आणि ड्रोन नेण्याचा विचार असेल तर विशेष परवानगीविना जमलेल्या गर्दीवरून उडवणे युरोपीय नियमांत मना आहे. क्रोएशियात हवाई चित्रीकरणासाठी वेगळी परवानगीही लागू शकते.

मुक्काम म्युनिक

मोबदला नाही, ही माझी भेट आहे. ड्रोनही नाही. वराच्या आईने मात्र मला परत जाताना हॅम आणि राकिया देण्याचे जाहीर केले आहे, त्याला काय म्हणावे?

पापडमुठी

त्याला आहेर म्हणावे.

जुने भिंग

सर्व प्रतिसाद वाचले. माझे मत बहुतेकांहून वेगळे आहे, म्हणून लिहितो. तळ्याकाठची जोडप्याची चित्रे सगळी सारखी दिसतात. ब्लेडचे तळे असो, कोमोचे असो की त्राकोश्चानचे, पाठमोरी वधू, हातात हात, मागे पाणी. अंगण मात्र एकाच घराचे असते. मी असतो तर तळ्याला पंधरा मिनिटे दिली असती आणि उरलेला वेळ स्वयंपाकघरात घालवला असता. झागोर्येत टर्कीबरोबर म्लिन्त्सी, म्हणजे वाळवून भिजवलेल्या पातळ पोळ्यांचे तुकडे, आणि चीज भरलेल्या श्त्रुक्ली असतात, आणि शेजारणींनी आठवडाभर खपून केलेल्या छोट्या केकांची ताटे मांडलेली असतात. आपल्या रुखवतासारखीच ती आधी पाहायची आणि मग खायची वस्तू आहे. लाल लित्सितार हृदय, म्हणजे मधाच्या पिठाचे शोभेचे बिस्कीट, कुणी भेट दिले तर तेही टिपा. साखरेच्या नक्षीचे, मधोमध छोटा आरसा असलेले. पाडव्याच्या साखरगाठीशी त्याचे दूरचे नाते मला नेहमी वाटते, फक्त हे कुणी खात नाही, भिंतीवर लावतात.

कोल्हापुरी फ्लॅश

जुने भिंग, तुमचा मान राखून सांगतो, पण हे हौशी माणसाचे मत झाले. भिंतीवर कोणता फोटो लागतो? तळ्याचा. स्वयंपाकघराचा फोटो अल्बमच्या चाळिसाव्या पानावर जातो. वधूने एक गोष्ट मागितली आहे, ती सोडून तिच्या शेजारणींचे केक टिपणे म्हणजे गिऱ्हाइकाने मिसळ मागावी आणि आपण त्याला पावाच्या भट्टीचा इतिहास ऐकवावा.

जुने भिंग

मिसळ द्याच, पण पंधरा मिनिटांत द्या, एवढेच म्हणतो आहे.

सावाकाठी

तुमच्या दोघांच्या वादात तोडगा दडलेला आहे. मिस्सा पाच वाजता असेल तर सहापर्यंत सर्वजण बाहेर येतात, मग समूहचित्रे. पाहुणे मेजवानीच्या जागी पोहोचून पेयपानात गुंततात तेव्हा जोडप्याला तळ्याकाठी पंधरा-वीस मिनिटे न्या. मग सूपचे पहिले वाढप झाल्यावर, मांसाची ताटे येण्याआधी, पुन्हा दहा मिनिटे, जेव्हा किल्ल्यावरचे ऊन सोनेरी झालेले असेल. इथल्या मेजवानीत दोन वाढपांच्या मध्ये नाच असतोच, त्यामुळे कुणी ताटकळत नाही. आत्याबाईंनाही सोबत न्या, ओढणी सावरायला. तळ्यावर वारा असतो आणि कुणीतरी लागतेच.

कोलो, म्हणजे हात धरून रिंगणात केलेला नाच, सुरू झाला की मात्र रिंगणाच्या आत जा. बाहेरून फक्त पाठी दिसतात.

तिपाई

आत जाताना ३५ चे भिंग न्या. पावले स्थिर हवी असतील तर १/२५०, आणि फिरण्याचा भास हवा असेल तर १/१५ च्या आसपास, फ्लॅश पडदा मिटताना उडेल असा ठेवून. मंडपातले एलईडी दिवे लुकलुकत असतील तर चित्रात पट्टे येतात. युरोपातली वीज ५० हर्ट्झची, म्हणून १/५० किंवा १/१०० वर ते सहसा टळतात. आणि दोन्ही कॅमेऱ्यांतली कार्डे अंगणात शिरण्यापूर्वीच बदला, मध्येच नव्हे.

मुक्काम म्युनिक

मंडळी, लग्न पार पडले. काल रात्री म्युनिकला परतलो. ज्यांनी वेळ काढून लिहिले त्यांना वृत्तांत देणे माझे कर्तव्य आहे.

आदल्या संध्याकाळी तळ्यावर जाऊन वेळ पाहिली, ते फार कामास आले. पाणी सावलीत गेल्यावर किल्ला जेमतेम वीस मिनिटे उजळ राहिला. दुसऱ्या दिवशी सावाकाठींच्या तोडग्याप्रमाणे दोनदा गेलो. पहिल्या खेपेस वाऱ्याने प्रतिबिंब पार मोडले होते आणि वधूचा चेहरा उतरला. दुसऱ्या खेपेस वारा पडला आणि पाणी काचेसारखे झाले. आत्याबाईंनी ओढणी धरली, आणि त्या इतक्या रंगल्या की सूचना मी नव्हे, त्याच देत होत्या. पोलरायझर पिशवीतच राहिला.

खोटी वधू म्हणून वधूचे आजोबा आले होते, काठीसकट. वराने त्यांना नाकारले तेव्हा ते खरोखर रागावल्यासारखे झाले आणि भाव वाढवून मागू लागले. ती चित्रे या साऱ्या कामातली सर्वांत चांगली आली आहेत. चर्चमध्ये पाद्रींनी फ्लॅशला नकार दिला, पण कडेच्या खांबामागे उभे राहू दिले. कोलोमध्ये रिंगणाच्या आत गेलो, ते बरे झाले. बाहेर येणे मात्र माझ्या हातात उरले नाही, कारण बार्याक्ताराने माझा हात धरला होता. त्या वीस मिनिटांत एकही चित्र नाही.

जुने भिंग यांना कळवतो की केकांच्या ताटांचा फोटो वधूच्या आईने सर्वांत आधी मागून घेतला. कोल्हापुरी फ्लॅश यांना कळवतो की भिंतीसाठी तळ्याचाच निवडला आहे.

तिपाई

अभिनंदन. सफरचंदाविषयी काहीच लिहिले नाहीत. पडले की नाही?

मुक्काम म्युनिक

पडले. वराचे सहा नेम चुकले, सातवा काकांनी धरला. मी त्या वेळी कार्ड बदलत होतो.